फाइलच्या पहिल्या पानावर आठवडे लिहा

गरोदरपणात गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, की फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: आज कितवा आठवडा चालू आहे. त्यासाठी पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी शोधून काढा, तिच्यावरून दिवस जास्त नेमके कळतात. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय याच आकड्यावर ठरणार आहे.

मग बायोप्सी, म्हणजे तपासायला काढलेला तुकडा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तो तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला ते पुन्हा तपासता येतील. स्लाइड कडक डबीत ठेवा आणि ब्लॉक तापलेल्या गाडीत विसरू नका. रिपोर्टवर ‘सीआयएन’ असेल तर तो कॅन्सर नव्हे, त्याआधीची अवस्था आहे. तिचे उपचार बहुधा बाळंतपणानंतर होतात, तोवर कॉल्पोस्कोपीने, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहून, लक्ष ठेवतात. हा एक शब्द कुणी समजावून न सांगितल्यामुळे किती जणी रात्र रात्र जागतात!

एमआरआयला जाताना गरोदर असल्याचे आधीच सांगा. त्यात क्ष-किरण नसतात, पण चित्र ठळक दिसावे म्हणून देतात ते गॅडोलिनियमचे इंजेक्शन टाळतात. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तेही पहिल्याच पानावर हवे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरीच एका वहीत लिहून ठेवा, समोर बसल्यावर आठवत नाहीत. गाठ किती सेंटीमीटरची आहे? लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर पसरू शकतो त्या लसीकाग्रंथी, काढून तपासायचे का? ते साधारण 22 आठवड्यांपर्यंतच जमते, म्हणून हा प्रश्न लांबवू नका. बाळ वाढेपर्यंत थांबण्यात धोका किती? केमो पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, कारण तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात. पुढे देता येते. शेवटचा डोस आणि बाळंतपण यांत साधारण तीन आठवडे ठेवतात, म्हणजे रक्तातल्या पेशी सावरतात. ओटीपोटावरचे रेडिएशन मात्र गर्भ ठेवून घेता येत नाही. हे स्पष्ट विचारा आणि स्पष्ट ऐका.

गर्भ ठेवायचा की नाही, हे बोलणे दवाखान्याच्या बाकावर नको. आदल्या दिवशी घरी बोला, आणि आधी जी गरोदर आहे तिला बोलू द्या. सासू, आई, नवरा सगळ्यांनी नंतर. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत त्याच वहीत उतरवा.

बाळंतपण अशा ठिकाणी ठरवा जिथे कॅन्सरचे डॉक्टर आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग दोन्ही आहेत. गाठ दिसत असेल तर सिझेरियनच करतात. खालून बाळंतपण झाल्यावर टाक्यांच्या जागी कॅन्सर उगवल्याच्या नोंदी आहेत. वार तपासायला पाठवा, असे आधीच सांगून ठेवा. नंतर केमो चालू राहणार असेल तर अंगावर पाजता येणार नाही, तेव्हा बाळाच्या दुधाची सोय आधीच बघा.

बॅगेत पॅड आणि छोटी वही असू द्या. अंगावरून रक्त गेले की वेळ आणि पॅड किती भिजले ते टिपा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजले तर फोनची वाट पाहू नका, थेट निघा.