गर्ल शब्दाचं मूळ शोधायचंय? मी असं शोधलं

माझी भाची डिचोलीला सातवीत आहे, परवा म्हणाली मामा, मुलीला गर्लच का म्हणतात? मला काही येईना. मग बसून शोधलं, तुम्हाला पण कोणी विचारलं तर असं करा.

आधी साधी डिक्शनरी बाजूला ठेवा, ती मुलगी एवढंच सांगून मोकळी होते. शब्दाचा इतिहास देणारी डिक्शनरी बघा, एटिमऑनलाइन ही वेबसाइट फुकट आहे, ऑक्सफर्डची मोठी मिळाली तर मस्तच. आणि तिथे आजचा अर्थ नाही, सगळ्यात जुना अर्थ आधी वाचा, खरी गंमत तिथेच. साधारण 1300 च्या आसपास गर्ल म्हणजे नुसतं पोर, मुलगा असो की मुलगी! मुलगाच आहे हे सांगायचं तर पुढे नेव्ह लावायचे, म्हणजे नेव्ह गर्ल (पत्त्यातल्या गुलामाला इंग्रजीत नेव्ह म्हणतात ना, तोच शब्द). 14 व्या शतकाच्या शेवटी चॉसर या इंग्रज कवीने कँटरबरी टेल्समध्ये 'यंग गर्ल्स' लिहिलंय ते पण तरुण पोरापोरींना मिळून. नंतर हळूहळू अर्थ आकसत गेला आणि फक्त मुलगी उरली.

भाचीला हे पटेना. मग मी तिला आपल्याच भाषांवर आणलं, मराठीत मूल नपुंसकलिंगी, आणि कोंकणीत तर मोठ्या चेडवाला (म्हणजे मुलीला) पण आपण 'तें आयलें' म्हणतो, 'ती आयली' नाही, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. शेजारच्या भाषेतलं उदाहरण द्याच, नुसत्या सनावळ्या सांगून पोरं जांभया देतात.

आता शब्द मुळात आला कुठून, तर इथे डिक्शनरीच हात वर करते. दोन अंदाज आहेत, एक जुन्या इंग्रजीतला कपड्याचा शब्द ग्यिरेला, दुसरा उत्तर जर्मनीकडचा पोर या अर्थाचा ग्योर, पण पक्कं कुठलंच नाही. म्हणून व्हॉट्सअॅपवर कोणी छातीठोकपणे गर्लचं मूळ पाठवलं, त्यातही एकेक अक्षराचा फुल फॉर्म, तर सरळ डिलीट मारा.

एक राहिलंच, काउंटरवरच्या चाळिशीतल्या बाईंना गर्ल म्हणायचं नाही हे पण सांगून टाका, वुमन म्हणावं.

बॉय मात्र मी सांगितला नाही, तो तिलाच शोधायला दिलाय. हिंट एवढीच दिली की जुन्या अर्थांत नोकर पण सापडेल.