इम्युटेबल डेटा स्ट्रक्चरचा हॅश कुठे आणि कसा साठवायचा

इम्युटेबल म्हणजे एकदा बनवल्यावर न बदलणारं, आणि हॅश म्हणजे ऑब्जेक्टच्या आतल्या डेटावरून काढलेला आकडा. डेटा बदलत नाही, म्हणून हा आकडा एकदा काढून साठवता येतो. पण आधी प्रोफाइलर (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावा. एकाच ऑब्जेक्टचा हॅश पुन्हा पुन्हा काढला जात असेल, उदाहरणार्थ मोठी ट्री हॅशमॅपची की असेल, तरच तो साठवण्यात फायदा. एकदाच लागणार असेल तर जादा फील्ड म्हणजे नुसतं ओझं. क्लोजर भाषेतले मॅप आणि व्हेक्टर हॅश स्वतःच साठवतात. स्काला भाषेतला केस क्लास (डेटा ठेवण्यासाठीचा क्लास) साठवत नाही, दर वेळी सगळी फील्ड्स चाळतो. तिथे हॅशकोड ओव्हरराइड करा.

मग मेमरीचा हिशोब. ६४ बिट हॉटस्पॉटवर (जावाचं नेहमीचं व्हर्च्युअल मशीन) कम्प्रेस्ड पॉइंटर, म्हणजे ४ बाइटचे रेफरन्स, चालू असताना हेडर (ऑब्जेक्टच्या सुरुवातीचा राखीव भाग) सहसा १२ बाइटचा असतो. दोन रेफरन्सचा लिस्ट नोड २० बाइट होतो आणि ८ च्या पटीत बसवताना २४ वर जातो. त्या रिकाम्या ४ बाइटमध्ये इंट फुकटात मावतो. तीन रेफरन्सच्या नोडला मात्र २४ चे ३२ मोजावे लागतात.

गरज पडल्यावरच हॅश काढायचा असेल तर फील्डमध्ये ० म्हणजे ‘अजून काढलेला नाही’ असं धरा. लॉक नको: दोन थ्रेडनी एकदम काढला तरी उत्तर तेच येतं. पण फील्ड एकदाच लोकल व्हेरिएबलमध्ये वाचा आणि तेच परत द्या. दोनदा वाचलं तर दुसऱ्या वाचनात ० मिळू शकतो. खरा हॅशच ० आला तर १ साठवा, नाहीतर तो दर वेळी नव्याने काढला जाईल. जावाच्या स्ट्रिंगमध्ये हीच उणीव होती. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १३ मध्ये त्यासाठी वेगळा फ्लॅग आला.

खरी गोची अपडेटमध्ये आहे. हॅश फक्त रूटवर (ट्रीच्या सगळ्यात वरच्या नोडवर) ठेवला, तर एक की बदलताच नवा रूट तयार होतो, त्याचं फील्ड रिकामं असतं आणि पुन्हा सगळे घटक चाळावे लागतात. मॅप आणि सेटसाठी एंट्रींच्या हॅशची बेरीज ठेवा: जुन्या एंट्रीचा हॅश वजा, नव्याचा अधिक, काम संपलं. लिस्टमध्ये शेपटाचा हॅश गुणिले ३१ अधिक डोक्याचा हॅश, असा नोड बनवतानाच काढा. मग लांब लिस्टवर रिकर्शनने स्टॅकही फुटत नाही. ट्रीवर बांधलेल्या सीक्वेन्सला प्रत्येक नोडवर लांबीही लागते, कारण डावा हॅश ३१ च्या ‘उजवी लांबी’ घाताने गुणून त्यात उजवा मिळवायचा असतो.

हास्केलमध्ये हे फील्ड स्ट्रिक्ट करा, नाहीतर हॅशऐवजी थंक (पुढे ढकललेली, अजून न केलेली गणितं) साचतील. अनंत लिस्टवर अर्थातच हा प्रकार चालत नाही. ओकॅमलचं साधं हॅशटेबल हॅश फंक्शन जास्तीत जास्त १० अर्थपूर्ण व्हॅल्यूच बघतं. मोठ्या ट्री तिथे सर्रास एकमेकींवर आदळतात, म्हणजे वेगळ्या ट्रींचा हॅश एकच येतो, आणि असला हॅश साठवूनही टक्कर टळत नाही.

आत म्युटेबल ॲरे असेल तर हा नाद सोडा. साठवलेला हॅश सीरियलाइझही करू नका. सीड (हॅश काढताना वापरलेला सुरुवातीचा आकडा) बदललं की तो चुकीचा ठरतो. आणि बेंचमार्कमध्ये तोच ऑब्जेक्ट फिरवला तर फील्ड वाचण्याचाच वेळ मोजला जाईल. नवे ऑब्जेक्ट बनवा, बांधणीचा वेळही धरा.