तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या : जड धातूंबाबत या चुका टाळा

तिसऱ्या मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या की सकाळी पातेल्याच्या तळाशी वाळूचा थर बसलेला दिसतो. पाणी गढूळ झालं म्हणजे तिसऱ्या स्वच्छ झाल्या, असं वाटतं. वाळू निघते हे खरंच. निर्जंतुक, खेळत्या समुद्रपाण्यात दोन दिवस ठेवल्या तर जंतूही बरेच कमी होतात. पण शिंपल्यात साठणारं कॅडमियम, म्हणजे एक जड धातू, वाळूसारखं मोकळं नसतं. ते मांसातल्या प्रथिनांना धरून बसतं आणि उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे पाणी कितीही वेळा बदललं तरी धातू तिथेच राहतो.

उकळण्याचंही तसंच. जंतू मरतात, धातू हे मूलद्रव्य असल्यानं ते मोडत नाही. उलट शिजताना तिसरी पाणी सोडून आक्रसते आणि उरलेल्या मांसात दर ग्रॅममागे धातूचं प्रमाण वाढतं. आमसुलानं किंवा चिंचेनं ‘विष मरतं’ यातही तथ्य नाही. आंबट रस्सा बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात केलात तर तो कळकतो, म्हणजे भांड्यातलं तांबं त्यात उतरतं. स्टीलचं किंवा मातीचं भांडं वापरा.

जागा न विचारता घेणं

तिसऱ्या, कालवं, शिणाणे एका जागी बसून तासाला काही लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जे सापडेल ते साठवतात. म्हणून शिंपली ताजी आहे का, यापेक्षा कुठली आहे हे आधी विचारा. ठाणे खाडीच्या काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. अशा खाड्यांच्या चिखलात धातू बसून राहतात आणि गाळ उपसला की पुन्हा पाण्यात येतात. नाल्याचं तोंड, होड्या-बार्ज रंगवण्या-दुरुस्तीची जागा, बंदराचा धक्का या ठिकाणची शिंपली घेऊ नका. वासावरून, रंगावरून किंवा चवीवरून कॅडमियम आणि शिसं ओळखता येत नाही.

चिंबोरीची पाठ रश्श्यात धुणं

पाठ उचकटली की आत पिवळट-तपकिरी, कधी हिरवट असा मऊ लगदा दिसतो. लाख म्हणजे अंडी वेगळी, ती केशरी-लाल आणि घट्ट असतात. हा लगदा म्हणजे चिंबोरीचं यकृतासारखं काम करणारा अवयव, आणि कॅडमियम सगळ्यात जास्त इथेच साठतं. तो चवदार लागतो, म्हणून पाठीत पाणी घालून, बोटानं खरवडून रश्श्यात ओततात. शिजताना त्यातलं कॅडमियम पाण्यात उतरतं. लगदा चमच्यानं काढून टाका, कल्लेही काढा, धुवा आणि मगच शिजवा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला नांग्यांतलं पांढरं मांस द्या.

किती खातो, हे न मोजणं

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०१० मध्ये कॅडमियमची मर्यादा ठरवली : दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १,५०० मायक्रोग्रॅम. समजा, तिसऱ्यांच्या मांसात किलोला ०.५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे. आठवड्यातून एकदा १०० ग्रॅम खाल्लं तर महिन्याला २०० मायक्रोग्रॅम होतात, काही बिघडत नाही. तेवढंच रोज खाल्लं तर महिन्याचा सगळा वाटा तिसऱ्यांतच संपतो, आणि तांदूळ, पालेभाज्यांतून येणारं वेगळंच. १५ किलोच्या मुलाचा वाटा अवघा ३७५. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं टिकतं, पुढे मूत्रपिंड आणि हाडं दोन्ही खराब करतं. अंगात लोह कमी असेल तर कॅडमियम जास्त शोषलं जातं, म्हणून ॲनिमिया असलेल्या बायकांनी इथे खरंच जपावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात ते धुरातूनही जातं.

पाऱ्याच्या भीतीनं तिसऱ्या सोडून मोठी मुशी (शार्क) खाणं ही उलटी चूक. जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याचा पारा थेट पाण्यात गेला होता, म्हणून तिथले शिंपलेही विषारी झाले. एरवी पारा माशामागून माशात वाढत जातो आणि मोठ्या शिकारी माशांत जास्त सापडतो.

अहवाल चुकीचा वाचणं

‘तिसऱ्यांत किलोला ४ मिलिग्रॅम कॅडमियम’ असं वाचून घाबरण्याआधी आकडा कोरड्या वजनाचा आहे का ते बघा. संशोधनात बहुधा मांस वाळवून मोजतात, कायद्यातली मर्यादा ओल्या मांसाची असते. तिसरीत सुमारे ८० टक्के पाणी, म्हणून आकड्याला पाचानं भागा : ०.८ मिलिग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा कालवं आणि स्कॅलप (पंख्यासारखे शिंपले) वगळता इतर शिंपल्यांसाठी किलोला २ मिलिग्रॅम, युरोपीय संघाची १. नमुना तपासायला देताना एकच शिंपली देऊ नका, एका जागच्या बऱ्याच एकत्र द्या आणि ‘ओल्या वजनावर’ असं लिहून घ्या.

स्वतःची लघवी आर्सेनिकसाठी तपासणार असाल तर आधी तीन ते पाच दिवस मासळी बंद ठेवा. शिंपल्यांतलं आर्सेनिक बहुतेक सेंद्रिय, निरुपद्रवी असतं, पण एकूण आकडा मात्र फुगवतं. तेवढ्या आकड्यावर ‘धातू काढणारी’ औषधं सुरू करू नका. असेंद्रिय, म्हणजे विषारी, आर्सेनिक वेगळं मोजून घ्या.