पारावरचा दिनविशेष कसा लिहायचा

आमच्या गावी बसथांब्याजवळ कडुनिंबाचा पार आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर चार बाय तीनचा काळा फळा आहे. शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून त्यावर रोज सकाळी मी दिनविशेष लिहितो. दर्यापूरची पहिली एसटी यायच्या आत लिहून झाला पाहिजे, कारण वाचणारे खरे तेच: कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, अन् थंडीत शेकोटीभोवती बसलेले चार म्हातारे. शेजारच्या गावांतले तरुण गुरुजी विचारतात की हे रोज जमवता कसं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीत असतानाची गोष्ट. २७ डिसेंबर, परिपाठाची वेळ. कुठून तरी उतरवून आणलेल्या यादीत जन्म अन् मृत्यूचे रकाने एकमेकांत सरकले होते, ते माझ्या लक्षात आलं नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांची पुण्यतिथी म्हणून मी सगळी शाळा दोन मिनिटं स्तब्ध उभी केली. फाटकाशी नातवाचा डबा घेऊन आलेले एक आजोबा होते. तेही टोपी काढून उभे राहिले. सगळं आटोपल्यावर जवळ आले अन् हळूच म्हणाले, "गुरुजी, भाऊसायब आज जलमले होते. मेले नोयते."

अमरावती जिल्ह्यात, भाऊसाहेबांच्याच मुलखात, ही चूक! त्या दिवशी घरी जाऊन दोनशे पानी दोन वह्या आणल्या. पानावर एक तारीख, अशी ३६६ पानं. २९ फेब्रुवारीचंही पान ठेवा, नाहीतर चार वर्षांनी फजिती होते. प्रत्येक पानावर जन्म, मृत्यू, घटना असे तीन भाग पाडायचे आणि चौथा, सगळ्यात मोठा, रिकामा सोडायचा. तो कशासाठी ते पुढे येईल.

आता नोंद पक्की कशी करायची ते बघा. मोबाईलवर आलेल्या तीन याद्यांत एकच तारीख सापडली म्हणजे ती खरी ठरत नाही. तिन्ही एकाच फॉरवर्डची लेकरं असतात. मी मराठी विश्वकोशात बघतो, मग त्या माणसाच्या चरित्रात किंवा त्याच्या नावाच्या संस्थेच्या कागदात. दोन्हीकडे जुळलं तर शाईनं, नाही तर पेन्सिलनं. पेन्सिलीतलं फळ्यावर जात नाही. वहीत अजून चाळीसेक नोंदी पेन्सिलीतच पडून आहेत, पडू द्या.

२७ डिसेंबरचंच पान उघडतो. लई दाटीचं पान आहे. १७९७ साली आग्र्यात मिर्झा गालिब जन्मले. १८२२ला फ्रान्समध्ये लुई पाश्चर. १८३१ला तरुण डार्विनला घेऊन बीगल जहाज इंग्लंडहून निघालं, ते परत आलं जवळजवळ पाच वर्षांनी. १८९८ला पापळ गावात भाऊसाहेब. १९११ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं. १९६८ला चंद्राला प्रदक्षिणा घालून अपोलो ८ प्रशांत महासागरात उतरलं. २००७ला रावळपिंडीत बेनझीर भुट्टोंची हत्या झाली. आणि १९६५चा सलमान खान आहेच, पोरं बाकी काही वाचोत न वाचोत, त्याचं नाव दिसलं की शिट्टी येते. त्याला मी खालच्या कोपऱ्यात बसवतो. ते कोपऱ्यापर्यंत येतात, येता येता मधलं वाचतात.

यातलं सगळं लिहिलं तर कोणीच काही वाचत नाही. एसटी थांबते दोन मिनिटं. म्हणून फळ्यावर तीनच ओळी आणि त्यातली एक मोठी. मोठी कोणती, हे दरसाल बदलायचं. एका साली भाऊसाहेब मोठे. तेव्हा नुसतं 'थोर शिक्षणमहर्षी' लिहू नका, ते सगळ्यांनाच लिहितात. मी लिहिलं होतं की १९२७मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या लढ्यात ते होते, १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते, आणि दिल्लीचं १९५९चं जागतिक कृषी प्रदर्शन त्यांच्याच काळातलं. पुण्यतिथी १० एप्रिल, वर्ष १९६५, हेही त्याच ओळीत टाकलं. माझ्यासारखी चूक दुसऱ्याकडून व्हायला नको.

पुढच्या साली पाश्चर मोठा. त्याचं आमच्या गावाशी काय? आमच्याकडे कुत्रं चावलं की अजूनही कोणी मिरची भरतं, कोणी चुना लावतं. म्हणून लिहिलं: "पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस याच माणसानं काढली. ६ जुलै १८८५ला ती पहिल्यांदा नऊ वर्षांच्या पोराला, जोसेफ माइस्टरला, टोचली, पोरगा जगला. चावा पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा अन् थेट सरकारी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत, दंडात घेतात." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं निघालं. चौदा इंजेक्शनांच्या धाकानं लोक दवाखान्यात जातच नव्हते.

'जन गण मन'च्या बाबतीत एक खोड सांभाळा. "१९११ला राष्ट्रगीत पहिल्यांदा गायलं गेलं" असं सर्रास लिहितात. तेव्हा ते राष्ट्रगीत नव्हतं. तो मान २४ जानेवारी १९५०ला मिळाला. दोन्ही तारखा दोन पानांवर टाका.

कॅलेंडरची भानगड समजली नाही तर जुन्या तारखा तुम्हाला फसवतील. केप्लर, ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा, त्याचाही जन्म २७ डिसेंबरचाच, १५७१चा. पण आपलं आजचं इंग्रजी कॅलेंडर आलं १५८२मध्ये. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला, मधले दहा दिवस गाळले. म्हणजे आजच्या हिशेबात केप्लरचा दिवस सरकून ६ जानेवारी १५७२वर जातो. इंग्लंडनं हा बदल केला त्याहून उशिरा, १७५२मध्ये. म्हणून न्यूटन कुठे २५ डिसेंबर १६४२ला जन्मलेला दिसतो, कुठे ४ जानेवारी १६४३ला. दोन्ही बरोबर आहेत. फळ्यावर एकच तारीख लिहा, पण वहीत दुसरी कंसात ठेवा, कारण कोणीतरी शहाणा पोरगा विचारतोच.

आपल्याकडे तिथीचा घोळ निराळा. १४ ऑक्टोबर १९५६ला, रविवारी, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी विजयादशमी होती. आता दीक्षाभूमीवर गर्दी उसळते ती दसऱ्याला, आणि दसरा काही दरसाल १४ ऑक्टोबरला येत नाही. मी दोन्ही दिवशी लिहितो. १४ला "या तारखेला" आणि दसऱ्याला "या तिथीला". शिवजयंती, जिजाऊंची जयंती, सगळीकडे हाच मार्ग धरावा. पारावर भांडणं होत नाहीत.

वार तपासायची सवयही लावा. जुन्या आठवणीत "त्या दिवशी रविवार होता" असं असेल अन् तारखेचा वार गुरुवार निघाला, तर तारीख किंवा आठवण, दोनपैकी एक चुकली आहे. मोबाईलमधलं कॅलेंडर मागे मागे सरकवलं की वार सापडतो, अंगठा दुखतो एवढंच.

खडूबद्दल थोडं. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ओलाच वापरला तर अक्षर ठसठशीत उठतं. पण पावसाळ्यात मुंग्या येतात, तेव्हा साधं पाणी. पुसायला फडकं ओलं करून घट्ट पिळलेलं असावं. नावाला आकडा अन् गाव लागलंच पाहिजे, 'थोर', 'महान', 'अजरामर' हे शब्द मी फळ्यावर येऊ देत नाही, जागा खातात.

आता तो रिकामा चौथा भाग. त्यात गावाचा दिनविशेष. वीज कधी आली, शाळेची नवी खोली कधी बांधली, पुराचं पाणी देवळाच्या कोणत्या पायरीला लागलं होतं. हे विश्वकोशात मिळत नाही. ग्रामपंचायतीचं दप्तर आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर चाळावं लागतं. रजिस्टरची मात्र गंमत बघा. जुन्या पानांवर अर्ध्या गावाचा जन्म १ जुलैचा! आईबापाला तारीख ठाऊक नसायची, मास्तर पोराचे दात बघून साल ठरवायचा अन् पुढे १ जुलै टाकून मोकळा व्हायचा. तेव्हा रजिस्टरवरून वाढदिवस लिहू नका. माणसाला विचारा, आणि तारीख विचारू नका. "तुमची माय काय सांगे?" असं विचारा.

आमच्या वस्तीतली एक आजी, कधी शाळेत न गेलेली. तिची माय सांगायची, "बाबासायबानं नागपुरात दीक्षा देल्ली, त्या सालच्या तान्या पोयाले तू झाली." तान्हा पोळा म्हणजे लहान पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा. एवढं पुरेसं असतं. पोळा श्रावण अमावास्येला, दसरा आश्विन शुद्ध दशमीला. मधे अख्खा भाद्रपद आणि वर दहा दिवस, म्हणजे ४० दिवसांच्या आसपास. दसरा १४ ऑक्टोबरचा. तीस दिवस मागे गेलं की १४ सप्टेंबर, आणखी दहा मागे ४ सप्टेंबर. तो पोळा. तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, ५ सप्टेंबर १९५६. अशा हिशेबात एखादा दिवस इकडेतिकडे होतो, कारण तिथ्या कमीजास्त लांबीच्या असतात, आणि मधे अधिक महिना आला तर सगळंच महिनाभर सरकतं. तेव्हा त्या सालचं जुनं पंचांग मिळालं तर ताडून घ्यावं. १९५६ला मधे अधिक महिना नव्हता.

५ सप्टेंबर म्हणजे शिक्षक दिन. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्म १८८८चा, तो वरच्या ओळीत लिहिला अन् खाली आजीचं नाव, गावासकट. पोरांनी तिला हाताला धरून आणलं, वाचून दाखवलं. तिनं फळ्याकडे बराच वेळ बघितलं, पदर सावरला, मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, इथं लिवलं ते लिवलं. माह्या आधारवर एक जानेवारी हाये. त्याले हात नोका लावू, निराधारचे पैसे बंद होतीन."