गोव्यातील आयातदारांनो, बिल ऑफ एंट्रीला मंजुरी देण्याआधी हे तपासा

वेर्ण्याच्या कारखान्याचं यंत्र मुरगाव बंदरात उतरो किंवा न्हावा शेव्याहून ट्रकने येवो, बिल ऑफ एंट्रीतल्या (आयात मालाची माहिती देणाऱ्या सीमाशुल्क अर्जातल्या) प्रत्येक आकड्याला आयातदारच जबाबदार असतो. सीमाशुल्क कायदा, 1962च्या कलम 17नुसार शुल्काची आकारणी त्यानेच करायची असते. कस्टम ब्रोकर अर्ज भरतो, पण कमी भरलेल्या शुल्काची नोटीस आयातदाराला येते. म्हणून ब्रोकरने पाठवलेली चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा मसुदा, ओळ न ओळ वाचा.

आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करा, बदल नसला तरीही. नाहीतर तो निष्क्रिय होतो.

सर्वाधिक वेळ वर्गीकरणाला द्या. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवरचा एचएस कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक) तसाच उचलणं ही नेहमीची चूक. त्याचे पहिले सहाच अंक जगभर सारखे असतात; भारतात आठ लागतात. शुल्काचा दर त्यावरूनच ठरतो आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्रासारख्या अटीही त्यावरूनच कळतात. हॉटेलांसाठी चीज मागवत असाल तर आयातीच्या वेळी 60 टक्के टिकवणकाळ किंवा मुदत संपायला तीन महिने, यांपैकी जे कमी तेवढं शिल्लक हवं.

मग मूल्य. एफओबी (वाहतूक भाडं आणि विमा न धरता ठरलेल्या किमतीच्या) व्यवहारात मालवाहतुकीच्या भाड्याची पावती नसेल तर एफओबीच्या 20 टक्के भाडं आणि 1.125 टक्के विमा धरला जातो. 10 लाखांच्या मालावर भाडं खरं 60 हजार असलं, तरी पावतीअभावी 2 लाख धरले जातात. पावती आधीच मागवा. मालाच्या विक्रीशी बांधलेली रॉयल्टीही मूल्यात येते. ती लपवणं फार महाग पडतं.

हिशेब असा: मूल्य 10 लाख, मूळ शुल्क 7.5 टक्के, म्हणजे 75,000. त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 7,500. मूल्य, शुल्क आणि अधिभार यांच्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी), 1,94,850. जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) चुकला तर या आयजीएसटीचं इनपुट क्रेडिट अडकतं.

समुद्रमार्गे बहुतेक देशांतून येणाऱ्या मालाचं बिल जहाज येण्याच्या आदल्या दिवसअखेर भरलेलं हवं. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज 5,000, पुढे रोज 10,000 रुपये.

मुक्त व्यापार करारातली सवलत घ्यायची असेल तर नुसतं मूळदेशाचं प्रमाणपत्र पुरत नाही. उत्पादनाची माहिती फॉर्म 1मध्ये स्वतःजवळ ठेवा आणि सगळी कागदपत्रं पाच वर्षं जपा.

शुल्क कमी भरल्याचं नंतर लक्षात आलं आणि त्यात लपवाछपवी नसेल, तर नोटिशीआधीच फरक 15 टक्के व्याजासह भरून अधिकाऱ्यांना लेखी कळवा. मग दंड लागत नाही.