डबल अ‍ॅक्टिंग पंपाचा डिस्चार्ज काढताना रॉड विसरू नका

पिस्टन पंपाचा डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला येणारं पाणी: पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) गुणिले फेरे, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पिस्टनच्या एकाच बाजूने पाणी ढकलणाऱ्या सिंगल अ‍ॅक्टिंग पंपाला ते पुरतं. दोन्ही बाजूंनी ढकलणारा डबल अ‍ॅक्टिंग पंप समोर आला की नवखे सरळ दुप्पट करतात आणि तिथेच फसतात.

पिस्टनच्या एका बाजूला रॉड असतो. त्याने व्यापलेल्या जागेत पाणी येत नाही, म्हणून दोनदा पिस्टनचं क्षेत्रफळ घेऊन त्यातून एकदा रॉडचं वजा करायचं. रॉड दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर दोनदा वजा.

आकडेच बघा. पिस्टनचा व्यास १५० मिमी, रॉडचा ५० मिमी, स्ट्रोक ३०० मिमी, क्रँकचे मिनिटाला ६० फेरे. रॉड विसरलात तर उत्तर येतं ६३६ लिटर प्रति मिनिट. वजा केलात तर ६०१. आता डिलिव्हरीचं पाणी टाकीत सोडून स्टॉपवॉच लावलं आणि ५०० लिटरला ५१ सेकंद लागले, म्हणजे प्रत्यक्षात ५८८. खरी स्लिप, म्हणजे हिशेबापेक्षा प्रत्यक्षात कमी आलेलं पाणी, जेमतेम २ टक्के, पंप ठणठणीत. चुकीच्या हिशेबात तीच साडेसात टक्के दिसते. मग धडधाकट पंप खोलून व्हॉल्व्ह सीट घासायला बसतात, पिस्टन रिंगा बदलतात, आणि पुढच्या चाचणीला आकडा तिथल्या तिथेच!

बाकीच्या चुका किरकोळ आहेत, घाबरू नका. स्ट्रोक म्हणजे क्रँकच्या त्रिज्येची दुप्पट. फेरे क्रँकचे धरा, मोटरचे नाही. १४४० ची मोटर आणि २४:१ चा गिअरबॉक्स असेल तर ६०. लायनर (सिलिंडरच्या आतलं अस्तर) रीबोअर झालेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला असेल तर व्यास स्वतः मोजा. १५० चा १५२ झाला तरी त्या क्षेत्रफळात पावणेतीन टक्के फरक पडतो.

मोबाइलवरच्या तयार कॅल्क्युलेटरवर माझा विश्वास नाही. बऱ्याच ठिकाणी रॉडचा रकानाच नसतो. त्यापेक्षा पंप खोलणाऱ्या जुन्या फिटरशेजारी उभं राहा, रॉड हातात घ्या.

स्लिप उणे आली तर लगेच हिशेब खोडू नका. लांब सक्शन पाइप, आखूड डिलिव्हरी आणि जास्त वेग असला की सक्शनच्याच वेळी डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी खरोखरच जास्त येतं.

आणि चाचणीला डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप कधीही सुरू करू नका. सेंट्रिफ्यूगल पंपाची ती सवय इथे घातक आहे. रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर दाब वाढतच जातो आणि पाइप किंवा सिलिंडर हेड फुटतं.