फायबर बॉडीची जुनी स्पोर्ट्स कार घरी दुरुस्त करताना: आधी अर्थिंग बघा, मग पार्ट घ्या

दोन सीटची, कापडी छताची जुनी गाडी दारात उभी राहिली की पहिल्याच आठवड्यात पार्टची यादी तयार होते. नवी बॅटरी, नवे हेडलाइट, रेडिएटरचा नवा पंखा. जरा थांबा. गाडीची बॉडी फायबरग्लासची असेल, तर यातलं बरंच सामान न घेताही काम होतं. गोव्यात बनलेली, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन असलेली सॅन स्टॉर्म ही आपल्याकडची अशी गाडी. आमच्या घरची गाडीही दोन सीटची आणि फायबरचीच. इंदूरला या प्रकारच्या गाड्यांचं वेड जुनंच आहे. इथले महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात ड्यूझेनबर्ग या अमेरिकन कंपनीची केशरी-काळी स्पीडस्टर बनवून घेतली होती.

साध्या गाडीत पत्र्याची बॉडी हीच करंट परत नेणारी वाट असते. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्यापासून चॅसीपर्यंत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, अर्थिंगची (करंट परत नेणारी) वेगळी वायर आलेली असते. वीस वर्षांच्या पावसाळ्यांनी तिचं टोक हिरवं पडलं की दिवा मंद होतो, इंडिकेटर लावला की टेललाइटही लुकलुकतो, आणि आपण बल्ब बदलत बसतो.

अर्थिंग तपासायचं कसं

साधा मल्टिमीटर पुरे. डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी, अशा वेळी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५. हे आकडे ठीक असतील तर बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर यांना हात लावू नका.

आता हेडलाइट लावा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन बल्बच्या होल्डरमधल्या अर्थिंगच्या पत्तीवर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. ०.५ च्या वर गेला तर दोष वायरीत आहे, बल्बमध्ये नाही. आमच्या उजव्या दिव्याला मीटरने १.९ दाखवले. म्हणजे बारा व्होल्टांतले जवळजवळ दोन व्होल्ट त्या गंजलेल्या टोकातच खर्च होत होते आणि उजेड निम्म्यावर आला होता. त्याआधी एका गॅरेजने दोन्ही हेडलाइट बदलायला सांगितले होते.

दुरुस्ती अशी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी सोडवा. अर्थिंगचा बोल्ट काढा. चॅसीची तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा. वायरीचं जुनं टोक कापा. आतलं तांबं काळं निघालं तर लाल तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. हा काळेपणा कव्हरच्या आत वीतभर गेलेला असू शकतो, म्हणून नुसतं टोक बदलून भागत नाही. नवं थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं कडं) दाबून बसवा, खाली दात्यांचा वॉशर घाला, बोल्ट कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. नवी वायर टाकायची असेल तर अडीच स्क्वेअर एमएमची, अनेक तारांची मऊ तांब्याची घ्या. थिंबल, वायर, वॉशर हे सगळं इंदूरच्या सियागंज बाजारात थोडक्या पैशात मिळतं.

इंजिनपासून चॅसीला जाणारी जाड पट्टीही विसरू नका. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी बदला. ती तुटली की स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल हाताला गरम लागते. अशा गाडीत तापमानाचा काटाही खरं सांगत नाही, म्हणून पुढचं काम याच्यानंतरच.

इंजिन तापत असेल तर

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. गरम पाण्याचा फवारा तोंडावर येतो, आणि त्याची भाजलेली जागा लवकर बरी होत नाही.

पंखा आधी थेट बॅटरीवरून फिरवून बघा. फिरला तर मोटर चांगली आहे. रिले, स्विच किंवा पुन्हा अर्थिंग शोधा. थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेची, परीक्षा स्वयंपाकघरात होते. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या जवळपास तो उघडायला लागला पाहिजे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी या तपासणीला ते पुरतं. कूलंट भरताना बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर तो बदललाच पाहिजे, किलोमीटर कमी असले तरी. रबर वयानेही मरतं. पण हे काम घरी करू नका. एक दाता चुकला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडू शकतात.

ब्रेक

जॅक नेहमी लोखंडी सांगाड्याखाली लावा. फायबरच्या कडेखाली लावलेला जॅक बॉडी फोडून वर येतो. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, घोडी (लोखंडी स्टँड) लावायचीच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. कुठल्या ग्रेडचं घालायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे पॅडलवर बाबा असतात.

"बाबा, दाबा."
"दाबलं."
"धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

पॅडल दाबलेलं असतानाच चाकाजवळच्या ब्रेकवरचा हवा काढायचा निपल अर्धा फेरा उघडायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत येऊ द्यायचे, निपल बंद करायचा आणि मगच "सोडा" म्हणायचं. क्रम चुकला तर हवा उलट आत जाते. टाकीतलं ऑइल मधेमधे भरत राहा. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. काम झाल्यावर आधी रिकाम्या गल्लीत, पायी चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून बघा.

बॉडीची चीर

आमच्या मागच्या मडगार्डवर कुणीतरी पूर्वी पत्र्याची पट्टी रिबेट मारून बसवली होती. प्रत्येक रिबेटपासून नवी चीर निघाली होती. फायबरची दुरुस्ती फायबरनेच करावी लागते.

नाण्याने चिरेभोवती ठोकून बघा. टणक आवाज आला तर चीर वरच्या थरातच आहे. बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत, आणि काम मागच्या बाजूने करायचं आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मागची बाजू ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. फायबरची मॅट तीन तुकड्यांत कापा, प्रत्येक आधीच्यापेक्षा इंचभर मोठा. रेझिनने भिजवत एकेक बसवा आणि ब्रशने ठोकून हवा काढा. सुकल्यावर पुढून चीर व्ही आकारात घासून भरा.

रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. इंदूरच्या मे महिन्यात एक टक्काच ठेवा आणि काम सकाळी आठच्या आत उरका, नाहीतर रेझिन वाटीतच घट्ट होऊन तापतं. एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. पावसाळ्यात हे काम काढू नका; ओल लागलेली मॅट नीट चिकटत नाही.

रेझिनसोबत निळसर-जांभळा अ‍ॅक्सिलरेटर (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचा द्रव) वेगळा मिळाला असेल, तर तो आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी अ‍ॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण हार्डनरचा एक थेंबही दृष्टी घालवू शकतो. घासताना मास्क लावा आणि पेपर ओला ठेवा. अंगाला फायबरची भुकटी लागून खाज सुटली तर थंड पाण्याने धुवा.

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला फिटनेस दाखवून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आरटीओत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे दिवे लावून मीटरने एकदा अर्थिंग पुन्हा मोजा. काढलेल्या प्रत्येक चाकाचे नट शंभर किलोमीटर चालल्यावर परत कसा.